मूठभर ओल

टेबलावर चार घमेली मांडलेली होती आणि चारही घमेल्यांतल्या वाळूशी बाबांचे भांडण चालले होते. पहिल्यातली पांढरी, कुटलेल्या गारेची, चिकट माती मिसळून आणलेली. दुसऱ्यातली पिवळी, मध्यम कणांची, खाणीतूनच थोडी चिकणमाती अंगाला लावून आलेली. तिसरी नदीकाठची, राखाडी, पिठासारखी बारीक. चौथी तेलात मळलेली, लालसर. तिला पाण्याचा थेंबही लागत नव्हता. बाबा एकेका घमेल्यात हात घालत, वाळू मुठीत आवळत, मूठ उघडत, आणि तळहातावर गोळ्याऐवजी भुगा दिसला की तो असा झटकून टाकत, जणू वाळूने त्यांना शिवीच हासडली होती.

"धरत नाही. नुसता भुसा आहे. असला माल आणतात आणि वर तोंड करून नमुना म्हणतात."

"पिवळी बरी आहे, बाबा," धाकटी म्हणाली. "माझ्या हातात बांधली जाते."

"तुझ्या हातात!" बाबांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. "तुझ्या हाताला विचारून वाळू घेतली असती, तर आज चुलीवर नुसतं पाणी तापवत बसलो असतो सगळे."

लेथच्या मागून दाजी हसले. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचे लेथ याच शेडच्या पुढच्या भागात होते. ओतलेल्या वस्तू धाकटीच्या हातून निघत आणि दाजींच्या हाताखाली झिलई घेत. "मामा, मी सांगू का," ते म्हणाले, "तेलाचीच घ्या. पाणीच नको, म्हणजे तुम्हा बापलेकींचं निम्मं भांडण मिटेल."

"आणि धूर कोण पिणार, जावईबापू? खिडकी एक, माणसं तीन. डोळे चोळत ओतायचं का पितळ?"

त्या ओतशाळेत मोठे असे काही नव्हते. घराच्या पाठीला टेकलेली लांबट शेड, कोपऱ्यात भट्टी, भिंतीशी लाकडी नमुन्यांची फळी, आणि मध्ये वाळूचा ढीग. ओल्या वाळूत लाकडी नमुना दाबायचा, वाळू ठोकून घट्ट करायची, नमुना हळूच उचलून घ्यायचा आणि त्याने मागे ठेवलेल्या पोकळीत वितळलेले पितळ ओतायचे, एवढाच काय तो उद्योग. त्यातली पोकळी घडवणे हे धाकटीचे काम होते. ती ते जीव लावून करी. एखादी वस्तू घडवण्याआधी तिची अनुपस्थिती घडवावी लागते, ही गोष्ट तिला लहानपणापासून कुठेतरी हुरहूर लावत आली होती, आणि म्हणूनच की काय, नमुना उचलताना ती अजूनही श्वास रोखून धरी.

पण वाळूने भरलेली साच्याची पेटी बंद करण्याचा अधिकार तिला नव्हता. ओतशाळेची एक रीत होती. वाळू भिजवून, मळून, चाळून झाली की बाबा तिची मूठ बांधून पाहत. गोळा जमला आणि मधोमध मोडल्यावर त्याचे दोन स्वच्छ तुकडे झाले, तर ते मानेने होकार देत. भुगा झाला तर म्हणत, "पाणी." दुसऱ्या कोणाची मूठ इथे चालत नसे. ती मूठ कधी चुकली नव्हती. निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत तरी नव्हती.

हिवाळ्यापासून मात्र माल बिघडू लागला होता. ओतलेली वस्तू वरून पाहावी तर गुळगुळीत. पण दाजींनी लेथवर तिची साल काढली की आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसत. छिद्रे वाफेची असतात. वाळूत पाणी जास्त झाले की तापलेल्या धातूच्या स्पर्शाने त्याची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच शिरून बसते. धाकटीने हे दोनदा बोलून दाखवले होते. बाबांचा निकाल वेगळा होता: जुनी वाळू मेली. तिच्यातली माती जळून गेली, आता ती धरत नाही, नवी आणा. म्हणून ही चार घमेली.

बाबांनी राखाडी वाळूत तांब्याने पाणी शिंपडले, मळले, पुन्हा शिंपडले, आणि मूठ बांधली. गोळा जमला. त्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी काहीतरी सैल झाले.

"ही. लोण्यासारखी आहे बघ."

"बाबा, ती फार बारीक आहे. त्यात एवढं पाणी. वाफ जाणार कुठून?"

"तू मला वाफ शिकवणार?"

"शिकवत नाही. विचारतेय."

"मग विचारू नकोस. पेटी भर."

तिने पेटी भरली. राखाडी वाळू नमुन्याला चिकटत होती, बोटांना चिकटत होती. नमुना उचलताना पोकळीची कड तुटली आणि ती पाण्याच्या बोटाने सांधावी लागली, म्हणजे आणखी पाणी. तिला रडू येत नव्हते. ती पुढच्या पेटीवर जोरजोरात ठोकणी मारू लागली.

*

आठवड्याभराने पंपवाला आला तो पिशवी घेऊन, आणि नमस्कार न करता त्याने ती टेबलावर उपडी केली. पंपांचे पितळी पंखे खणखणत पसरले. तो शहरभरचे जुने पंप दुरुस्त करी आणि त्यांचे पंखे या ओतशाळेतून ओतून नेई. त्याच्या कामावरच हे घर मुख्यतः उभे होते.

"मिस्त्री, हे पंखे आहेत की चाळण्या?"

बाबांनी एक पंखा डाव्या हाताने उचलला. पात्यांवर छिद्रांचे पुरळ उठले होते. आधी टाचणीएवढी होती ती आता ज्वारीच्या दाण्याएवढी झाली होती.

"आमच्या दाजींनी साल काढली तेव्हाच मी म्हटलं होतं," धाकटीने सुरुवात केली.

"तू थांब," बाबा म्हणाले.

"मी तुमच्याकडे का येतो?" पंपवाल्याचा आवाज चढला. "जवळ आहे म्हणून नाही येत. तुमच्या हाताचं काम म्हणून येतो. मला सांगा, हे कोणाच्या हाताचं आहे?"

धाकटीला वाटले, बाबा आता वाळूला नावे ठेवतील, वाळूवाल्याला ठेवतील. वाळूला काय, ती बिचारी ऐकून घेते.

"साचे पोरगी भरते," बाबा म्हणाले. "तिचा हात हलका पडतो. ठोकणी नीट बसत नाही. माझंच चुकलं, लाडाने बसवली तिला इथे. उद्यापासून जावई साचे भरतील."

"तसं करा बुवा. आणखी एक घाणा देऊन बघतो. नाही जमलं तर मग तुमचं माझं काही वैर नाही, पण मला दुसरी ओतशाळा बघावी लागेल."

तो गेला. दाजी लेथच्या मुठीवर फडके फिरवत राहिले. ती मूठ एवढी स्वच्छ त्यांनी कधी केली नसेल.

"बाबा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की तो तिला स्वतःलाच परका वाटला. "माझा हात हलका आहे?"

"लोकांसमोर काहीतरी सांगावं लागतं."

"मग वाळूचं सांगायचं होतं. पाण्याचं सांगायचं होतं. माझं का सांगितलंत?"

"तोंड सांभाळ. अजून मी बसलोय इथे."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला पुष्कळ बोलायचे होते; पण ज्यांच्या घरात शब्द मोजून वापरले जातात, त्यांच्या रागालाही वाट सापडत नाही. तो आतल्या आत कोंडतो आणि माणसाला भोके पाडतो. तिने ठोकणी टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली.

*

दुसऱ्या दिवशी दाजी साचा भरायला बसले, आणि धाकटीच्या वाट्याला वाळू चाळण्याचे काम आले. दाजींना लेथवर केसाएवढा फरक कळे. वाळूत मात्र ते चिखलात अडकलेल्या बैलासारखे दिसत होते.

"अगं, हा नमुना निघतच नाही. याला काय, बाहेर यायची लाज वाटते का?"

"हलकेच ठोका त्याला, चारी बाजूंनी. मग उचला."

"तू उचल ना."

"मी कशी उचलू? माझा हात हलका आहे."

दाजींनी हसण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "माझ्यावर का चिडतेस? मी मागितलं होतं का हे काम?"

"नाही म्हणालात का पण?"

दाजी पुन्हा नमुन्याशी झटू लागले.

बाबांनी मळलेल्या वाळूची मूठ बांधली. "पाणी," ते म्हणाले. तेवढ्यात दारात कोळसेवाल्याने हाक दिली, आणि हातातला अर्धवट गोळा टेबलाच्या कडेला ठेवून ते बाहेर गेले.

धाकटीने तो गोळा रागानेच उचलायला हात पुढे केला. तो फेकून द्यायचा होता तिला. पण तिचा हात तसाच राहिला. वाळूत दाबाल ते ती लिहून ठेवते, यावरच तर हा सगळा धंदा चालतो. त्या गोळ्यावर बाबांच्या मुठीचा ठसा उमटला होता. तर्जनीची खोल खाच होती. मधल्या बोटाची होती. त्यांच्यापुढे, जिथे अनामिका आणि करंगळी असायला हवी, तिथे वाळू सैल, सपाट, भुसभुशीत होती. तिथे कोणी तिला स्पर्शच केला नव्हता.

तिने त्याच घमेल्यातली वाळू उचलून स्वतः मूठ बांधली. चार खाचा. गोळा मोडला: दोन तुकडे, ओले आणि लिबलिबीत; पाणी आधीच जास्त होते.

"दाजी, मूठ बांधा."

"आता काय नवीन?"

"बांधा म्हणते ना."

दाजींनी बांधली. चार खाचा, एकीवर अंगठीची चपटी रेघ. धाकटीने आपले तुकडे जोडून ठेवले; तिन्ही गोळे शेजारी शेजारी होते. दाजी त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा नेहमीचा थट्टेखोर भाव हळूहळू उतरला.

"अरे देवा. मामांचा हात गेलाय."

म्हणजे पिवळी वाळू वाईट नव्हती. पांढरीही नव्हती. अर्ध्या मुठीत कोणतीच चांगली वाळू बांधली जात नव्हती. अर्ध्या मुठीत बांधली जाईल अशी एकच होती, ती बारीक, चिकट, पाण्याने मऊ केलेली राखाडी. बाबांनी पंख्यांसाठी वाळू निवडलीच नव्हती. त्यांनी आपल्या हातासाठी निवडली होती.

तिला आता वाईट वाटायला हवे होते. तिने थोडा वेळ वाटही पाहिली. वाईट वाटणे आले नाही.

*

दुपारी घरात आई खिडकीपाशी बसून बाबांच्या सदऱ्याची बटणे उसवत होती. काढलेल्या बटणांच्या जागी ती टिचबटणे लावत होती, नुसती दाबली की बसणारी. असे दोन सदरे आधीच घडी करून बाजूला ठेवलेले होते.

"तुला माहीत होतं," धाकटी दारातूनच म्हणाली.

आईने सुई थांबवली. "हळू बोल."

"कधीपासून?"

"थंडीपासून. आधी मुंग्या यायच्या, मग बोटं ऐकेनाशी झाली. डॉक्टरांनी कोपरापाशी नस दबलीय म्हणून सांगितलं. तुझ्या बाबांनी मला शपथ घातली, कोणाला बोलायचं नाही."

"आणि तू बोलली नाहीस."

"काय बोलू? आयुष्यभर ज्या मुठीवर मिरवले, तीच उघडी पडली. राहू दे म्हटलं त्यांचं तेवढं."

"त्यांचं राहू दे. आणि माझं? काल त्यांनी पंपवाल्यासमोर माझं नाव घेतलं, आई. माझा हात हलका आहे म्हणाले. रात्री तुला सांगितलं मी, तेव्हा तू काय म्हणालीस? 'असेल गं, जरा जोर लावत जा.' तोंड वर करून म्हणालीस!"

आईने दोरा दातांनी तोडला, आणि तेवढ्या लहानशा आवाजाने धाकटीचे पित्त आणखी खवळले.

"आणि मूस? ती कशी उचलतात?"

आईचा चेहरा उतरला. बाकी सगळ्याचा तिने विचार केलेला होता, याचा केलेला नव्हता.

पितळ वितळवण्याची मूस दोघांनी उचलायची असते. लोखंडी कड्यात ती बसते, कड्याला दोन्ही बाजूंनी दांडे. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला धाकटी. हल्ली बाबा दांड्याला फडके गुंडाळून तेच फडके मनगटाला बांधून घेत. चटका लागतो म्हणाले होते. तिने विश्वास ठेवला होता.

*

ती शेडमध्ये परतली तेव्हा बाबा भट्टीत कोळसा लोटत होते, डाव्या हाताने. दाजींनी भरलेली राखाडी पेटी तयार होती. तिने ती पेटी उचलली आणि वाळूच्या ढिगावर उलटी केली.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"बाबा, मूठ वळा."

"काय?"

"वाळू नको. नुसती मूठ वळा. मला बघायचीय."

बाबांनी दाजींकडे पाहिले. दाजी जमिनीकडे पाहत होते. मग बाबांनी उजवा हात हळूच पाठीमागे नेला, चोरी करताना पकडलेल्या लहान मुलासारखा, आणि ते पाहून तिला वाटले की आपण आता थांबावे. पण ती थांबली नाही.

"मूस उचलताना दुसऱ्या टोकाला मी असते. माझे पाय असतात खाली. तुम्हाला माहीत होतं की हात धरत नाही, आणि तुम्ही फडकं बांधून उचलत होतात!"

"आजवर सांडली का?"

"सांडायची वाट बघत होतात का?"

"आवाज खाली कर!"

"नाही करणार! काल तुमचा आवाज खाली होता का? माझ्यावर ढकलताना?"

"मी काय सांगायला हवं होतं त्याला?" बाबा ओरडले. त्यांच्या कपाळाची शीर तटतटली. "की मिस्त्री संपला? की याला आता चमचा धरता येत नाही? ऐकून तो उद्या आला असता का दारात? तू तरुण आहेस. तुझं नाव आज खराब होईल, उद्या धुऊन निघेल. माझं कधी निघणार?"

हे वाक्य जितके खरे होते तितकेच निर्लज्ज.

"म्हणजे तुम्ही हिशोब करून माझं नाव घेतलंत," धाकटी म्हणाली. "रागाच्या भरात नाही. मला वाटलं होतं रागाच्या भरात."

"मी ओतशाळाच बंद करतो. झालं समाधान?"

"करा बंद. पण आजचा घाणा ओतून झाल्यावर. आणि तो मी भरणार, पिवळ्या वाळूत, आणि मूठ माझी चालणार. दाजी, दुसऱ्या टोकाला तुम्ही."

दाजींनी सासऱ्यांकडे पाहिले नाही. "बरं," ते म्हणाले, आणि बाही वर केली.

तिने पिवळी वाळू चाळली, पाणी हाताने शिंपडले, तांब्याने नाही. मळली, पालथी केली, पुन्हा मळली. मूठ बांधली, मोडली; तुकडे स्वच्छ पडले. नमुन्यावर आधी बारीक चाळलेला थर, मागे जाडसर, म्हणजे पात्यांची कांती नितळ येईल आणि वाफेला मागून वाट मिळेल. ठोकणी चालवली. तारेने वाफेच्या वाटा टोचल्या. हे सगळे ती बाबांकडूनच शिकली होती, आणि या क्षणी तिला तेही सहन होत नव्हते. बाबा दाराशी स्टुलावर बसून होते. पेटी बंद करताना तिने मान वर केली नाही आणि कोणाचा होकारही घेतला नाही.

पितळ पोकळीत उतरले तेव्हा वाफेचा हलकासा सुस्कारा निघाला आणि विरून गेला. राखाडी वाळूत ते उकळत असे.

*

सकाळी पंपवाला आला तेव्हा दाजी पंखा लेथवर चढवत होते. साल उतरू लागली. पिवळ्याधमक कुरळ्या पट्ट्या खाली पडत होत्या. दाजींनी लेथ थांबवले, पंखा पुसला आणि उजेडात धरला. एकही छिद्र नव्हते. पंपवाल्याने पाते नखाने खरवडले, उलटसुलट केले, आणि त्याचा चेहरा खुलला.

"बघा! सांगत होतो ना, हाताचाच फरक. जावयाच्या हातात जोर आहे. पोरीबाळींचं काम नव्हे हे."

धाकटी बाबांकडे पाहत राहिली. ती काही बोलणार नव्हती. तिने रात्रीच तसे ठरवले होते. बोलायचे असेल तर ते बाबांनी.

बाबा खाकरले. "वाळू बदलली आम्ही," ते म्हणाले. "आधीची खराब होती."

एवढेच. त्यांनी नजर टाळली, आणि आपण सुटलो अशा हलक्या पावलांनी ते भट्टीकडे वळले. धाकटीचा रात्रीचा निश्चय त्या पावलांखाली चिरडला गेला.

"वाळू खराब नव्हती," ती म्हणाली. "पाणी जास्त होतं. पाणी बाबांच्या सांगण्यावरून पडत होतं. आणि हा पंखा दाजींनी भरलेला नाही. मी भरलाय. परवा ज्याला तुम्ही चाळणी म्हणालात तोही मीच भरला होता, याच हातांनी, त्यांच्या मुठीने."

पंपवाला एकदा तिच्याकडे, एकदा मिस्त्रींकडे पाहू लागला. आपण दुसऱ्याच्या घरात नको त्या खोलीत शिरलो, हे त्याच्या ध्यानात आले होते. "असू दे, असू दे, माल चांगला झाला ना..."

"नाही, असू कसं दे?" बाबा परत फिरले. त्यांचा चेहरा रागाने काळवंडला होता. त्यांनी उजवा हात सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. दोन बोटे आत वळलेली होती, वाळत चाललेल्या पानांसारखी. "हे बघा. ही दोन गेलीत. थंडीपासून. पोरगी खरं बोलतेय. तिचा हात हलका नाही, माझा मेलाय. बस? झालं तुझं समाधान? हेच ऐकायचं होतं ना तुला परक्या माणसासमोर?"

"परक्या माणसासमोरच बोलला होतात तुम्ही."

पंपवाल्याने पंखा फडक्यात गुंडाळला, "बाकीचेही असेच काढा," असे पुटपुटला आणि जाता जाता, दारात थबकून, प्रथमच धाकटीला उद्देशून म्हणाला, "तुम्हीच भरा मग, ताई."

तो गेल्यावर दाजींनी उगाचच लेथ सुरू केले, आवाज असावा म्हणून. बाबांनी हात टेबलावरून काढला नव्हता. बराच वेळ ते त्या हाताकडे पाहत उभे होते, जणू तो कोणीतरी तिथे विसरून गेले होते.

"खाणवाल्याला निरोप द्यायचाय," शेवटी ते म्हणाले. आवाज कडवट होता, खालचा होता. "गाडी परवा निघते त्याची. कोणती सांगू?"

आजवर त्यांनी तिला हे कधी विचारले नव्हते. तिला कल्पना होती की असे विचारल्यावर आपल्याला भरून येईल. तशी तिने पुष्कळ वेळा कल्पना केली होती. पण आत फक्त राग होता, थोडा गार झालेला, तरी हात लावावा असा नव्हे. तिने पिवळी आणि पांढरी, दोन्ही घमेली पुढे ओढली. पिवळीचे तिला ठाऊक होते; पांढरी पाहायची राहिली होती. तिने पाणी शिंपडले, मळले, मूठ बांधली, मोडली. घाई केली नाही. बाबा उभे होते, आणि तिने त्यांना उभे राहू दिले.

"पिवळी सांगा," ती म्हणाली. "पंख्यांना तीच लागेल. पांढरी नको, तिच्यावर कांती खरखरीत येते."

"पाणी?"

"पाणी मी बघेन."

बाबांनी डाव्या हाताने फोन उचलला.